वाळूखालची माहेरवाशीण

नूकम्मा चुट्टा, म्हणजे तंबाखूच्या पानाची विडी, उलटा ओढायची. जळतं टोक तोंडात, गार टोक बाहेर. पात्रापेटातल्या सगळ्याच म्हाताऱ्या तसा ओढतात, नाहीतर समुद्राचा वारा तो पेटता ठेवू देतो होय? पण बाकीच्या बोलताना चुट्टा काढून हातात तरी घेतात. नूकम्मा नाही. ती तो तोंडात ठेवूनच मासळीचा भाव करायची, सुनेला हाका मारायची आणि शिव्याही तशाच द्यायची. गंजामच्या बाजारात तिच्याशी हुज्जत घालायची कुणाची छाती नव्हती. एकदा एक हॉटेलवाला म्हणाला, "म्हातारे, तुझ्या बांगड्यांना वास येतोय." ही म्हणाली, "तुझ्या मिशीला येत असेल, नाकाच्या जवळ तीच आहे," आणि पाटी उचलून चालती झाली.

अशा या बाईकडे गावानं एक काम सोपवलं होतं, आणि ते मात्र ती गुपचूप करायची. गावातल्या कुणाच्याही जाळ्यात कासव मेलेलं सापडलं, की ते नूकम्माकडे. कासव म्हणजे देवाचा अवतार. मेलेलं तसंच पाण्यात लोटलं तर समुद्रदेवी गंगम्मा रागावते आणि नावेत ठेवलं तर सरकार रागावतं. गंगम्मेला नारळ देऊन भागवता येतं. सरकार नाव ओढून नेतं. म्हणून सूर्य वर यायच्या आत, जंगलखात्याचा शिपाई किनाऱ्यावर दिसायच्या आत, कासव सुरूच्या बागेत पोचायचं. तिथं नूकम्मा त्याला हळदीचं पाणी घालायची, कपाळावर कुंकू लावायची, पाठीवर हिरव्या लुगड्याचा तुकडा टाकायची. मग खड्डा, मग वाळू, मग नारळ. आणि झालं. "आमच्या जाळ्यात कासव येतच नाही," हे सांगायला सगळा गाव मोकळा.

एकदा लांब शेपटीचा नर सापडला. नूकम्मानं त्यालाही हिरवं नेसवलं. बायका हसायला लागल्या, तर म्हणाली, "दात काय काढता? जावई समजा."

पण हे सुरू झालं ते हसण्यावारी नव्हे. तिची थोरली पोर रत्नालू नदीच्या मुखापलीकडच्या गावात दिली होती. पहिलटकरीण. सातव्या महिन्यात माहेरी आणायची, अशी रीत. पण त्या साली नवरा तापानं पडलेला, नाव उलटी घालून ठेवलेली, म्हणून "अमावास्या होऊ दे, मग आणू" असं नूकम्माच म्हणाली. अमावास्येच्या आधीच निरोप आला. चार वर्षांच्या धाकट्या कामेसूला काखेत धरून ती दुसऱ्याच्या होडीतून पलीकडे गेली, तेव्हा वाळू थापटून सारखी झाली होती. पोटातलं मूलही आईबरोबरच. सासरा म्हणाला, "पोटुशी बाई गेली की ठेवत नाहीत. उजाडायच्या आत आटपावं लागलं." नूकम्मा किंचाळली, "माझी वाट नाही पाहिलीत? एवढी कसली घाई होती रे तुम्हाला?" तिथून जी परतली, ती पुन्हा नदीपलीकडे पाणी प्यायला गेली नाही. बाजारात विहीण दिसली तर बोळ बदलायची.

नवरा तापातून उठला, त्याच महिन्यात त्याच्या जाळ्यात कासवी आली, अंडी पोटात घेऊन. मान लोंबत होती. पुरुष म्हणाले, लोटून देऊ. नूकम्मा आडवी आली. "ही बाळंतपणाला माहेरी आली होती," एवढंच म्हणाली, आणि स्वतःचं लुगडं फाडून तिच्या अंगावर घातलं. तेव्हापासून ते तिचं काम झालं.

कामेसू आता मोठा झाला, बाप गेला, फायबरची नाव त्याच्या हाती आली. आणि कासवांचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरायचं. कार्तिकापासून वैशाखापर्यंत मोटारीची नाव समुद्रात घालायला बंदी. का? तर कासवं येतात. मग या घरात चूल कशावर पेटायची? कामेसू बंदी मोडून जायचा, दुसरं काय करणार? एकदा सापडला, तर नाव सगळा हंगाम खात्याच्या आवारात उन्हात तडकत पडली होती.

"अम्मा, मला एकदा समजावून सांग," तो पाण्यातला भात कालवता कालवता म्हणायचा, "हे धूड वाचवायचं कशाला? खाता येत नाही, विकता येत नाही, वर जाळी फाडतं."

"तू तरी कुठं विकला जातोस? आणि जाळी तूही फाडतोस. पोसलाच ना मी तुला?"

"चेष्टा नको. कासवांसाठी रोज जीप येते किनाऱ्यावर. रत्नालू अक्कासाठी आली होती का?"

यावर मात्र ती चुट्टा या गालातून त्या गालात घ्यायची. "वाचवायचं ते सरकार बघेल," शेवटी म्हणायची. "मी मेलेल्यांचं बघते."

माघातली गोष्ट. पहाटेच कोंडम्मा, कामेसूची बायको, सासूला हाक मारत धावत आली. "अत्ता, उठा. एक आलंय. ते दोघं घेऊन निघालेत."

कामेसू आणि त्याचा साथीदार फळीवर घालून कासवी घेऊन आले. मोठी, पोक्त, पाठीवर शेवाळ. मान लुळी, डोळे अर्धे मिटलेले. वल्ह्यासारखा पंख दोरीनं काचून सोललेला. "आटप अम्मा," कामेसू मागं बघत म्हणाला, "बेहेरा शिपाई आज लवकर निघालाय म्हणतात." खड्डा हातभरच झाला. नूकम्मानं हळदपाणी घातलं, कुंकू लावलं, तुकडा पांघरला. वाळू लोटली, वर नारळ ठेवला. पुरुष जाळी लपवायला पळाले. कोंडम्मा घागर घेऊन गेली. नूकम्मा सुरूच्या बुंध्याला टेकली आणि तिनं चुट्टा पेटवून तोंडात उलटा घातला.

दोन झुरके झाले असतील. नारळ हलला.

तिला वाटलं, खेकडा असेल. नारळ कलला आणि गडगडत तिच्या पायाशी आला. मग वाळू फुगली. मध्येच तडकली. आणि त्या भेगेतून एक डोकं वर आलं, कपाळावर ओलं कुंकू, डोळ्यांत वाळू, आणि तोंड उघडून त्यानं श्वास घेतला. असा मोठा, घरघरता, की जन्मात कुणी एवढी हवा ओढली नसेल. नूकम्मा ओरडायला गेली आणि चुट्टा जिभेखाली गेला, जीभ भाजली, तरी तो थुंकायचंही तिला सुचेना. कासवीनं पंख बाहेर काढले, थप्प थप्प वाळूवर मारले, अंगावरची वाळू झटकली. हिरवा तुकडा मागं राहिला. तिनं नूकम्माकडे बघितलंही नाही. समुद्राचा आवाज येत होता त्या बाजूला वळली आणि अंग फरफटवत, थांबत, पुन्हा श्वास घेत निघून गेली.

बेहेरा आला तेव्हा नूकम्मा तशीच बसलेली. हा शिपाई गंजामकडचाच, ओडिया, लुकडा पोरगा, गळ्यात शिट्टी. त्याला वाळूतला माग दिसला आणि तो चक्रावला. कासवी समुद्रातून वर येते आणि परत जाते, तर माग दोन असतात. इथं एकच, तोही जाणारा. निघतो कुठून, तर खड्ड्यातून. बाजूला नारळ, हिरवं फडकं.

"मावशी, हे काय?"

आता एरवी नूकम्मानं त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली असती. पण ती म्हणाली, "बाळा, मेलेलं उठतं का रे?" बोलताना तोंडातून राख पडली.

बेहेरा मटकन खालीच बसला. खड्ड्याकडे बघितलं, फडक्याकडे बघितलं. "तुम्ही पुरलं होतं?"

"मेलं होतं रे! मान लोंबत होती. हात लावून बघितला मी."

"मावशी, पाण्यात गुदमरलं की ते तसंच होतं. हलत नाही, डोळा मिटत नाही, श्वास कळत नाही. पण कधीकधी आत जीव असतो. पोटावर ठेवायचं, मागची बाजू उंच करायची, सावली, वर ओलं पोतं. आणि बसून राहायचं. दिवस दिवस लागतो. काही उठतात, काही खरंच गेलेली असतात. बघत बसल्याशिवाय कळत नाही. आम्हाला शिकवलंय ना हे."

"तुम्हाला शिकवलंय?" नूकम्माचा आवाज चिरकला. "मग आम्हाला का नाही सांगितलंत, मेल्यांनो? इतकी वर्षं शिट्ट्या फुंकत हिंडता, हे एवढं सांगायला तोंड झडलं होतं का?"

बेहेराही चिडला. "कुणाला सांगायचं? तुमच्या जाळ्यात कासव येतच नाही ना! दर मीटिंगला तेच ऐकतो मी. एक तरी दाखवलंत आम्हाला?"

मग त्यालाच काहीतरी उमगलं असावं. तो सुरूच्या बागेकडे बघायला लागला. सगळीकडे वाळूचे लहान लहान उंचवटे, काही सपाट झालेले, काहींवर जुन्या नारळाची करवंटी. "मावशी," तो हळूच म्हणाला, "ही सगळी...?"

नूकम्मा उठली नाही. तिनं नुसता तळहात वाळूवर ठेवला, जसा तापल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि झटक्यात काढून घेतला.

गावात मात्र बातमी दुसरीच पोचली. परतताना कोंडम्मानं कासवी समुद्राकडे जाताना पाहिली होती, आणि तिच्या घागरीबरोबर बातमी दुपारपर्यंत घरोघर गेली: नूकम्माच्या हातानं मेलेली कासवी जिवंत झाली! गंगम्मा अंगात आली! बायका हळद घेऊन आल्या, एकीनं आजारी नातू आणून तिच्या पायांवर घातला. नूकम्मा दारात आली, भाजलेल्या तोंडानं. "उचल तो पोर," ती म्हणाली. "अगं, कसली गंगम्मा? जिवंत होती ती! जिवंतपणी पुरली मी! किती पुरल्या असतील, कळतंय का तुम्हाला? हळद घालून, कुंकू लावून, नटवून जिवंत गाडल्या!" बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि हळदीच्या पुड्या उचलून एक एक निघून गेल्या. देवीचं बोलणं ऐकायला आल्या होत्या बिचाऱ्या, हे कुणाला ऐकायचं होतं?

ती त्या दिवशी जेवली नाही. कोंडम्मा आंबील घेऊन बसली. "अत्ता, दोन घोट घ्या. तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

"कोंडी," नूकम्मा म्हणाली, "माझ्या रत्नालूलाही त्यांनी असंच घाईनं..."

"अत्ता! असं नका हो बोलू!" कोंडम्मानं वाटी खाली ठेवली.

पण बोलून झालं होतं. आणि एकदा ते डोक्यात शिरल्यावर नूकम्मा कशी गप्प बसणार? दुसऱ्या दिवशी ती होडीत बसून नदीपलीकडे गेली. इतक्या वर्षांनी. व्याही केव्हाच वारला होता. विहीण, अच्चम्मा, दारात सुकट निवडत होती. डोळ्यांत मोतीबिंदू, पण पावलांवरूनच ओळखलं.

"नूकम्मा ना तू? शिव्या द्यायच्या राहिल्या होत्या काही?"

"एक विचारायला आलेय," नूकम्मा उभ्यानंच म्हणाली. "माझ्या पोरीचा श्वास कुणी बघितला होता? पुरायच्या आधी?"

अच्चम्माचे हात थांबले. तिला प्रश्न कळायला वेळ लागला. कळला तेव्हा तिचं तोंड वाकडं झालं. "अगं, काय विचारतेस तू हे! माझ्या मांडीवर होती ती. दुपारी गेली, पहाटेपर्यंत माझ्या मांडीवरच होती. बाप्ये म्हणत होते, आटपा. मी देईना. तिची आई येऊ दे, म्हणत होते. नाकाशी कापूस धरून बसले होते रात्रभर, हलेल म्हणून. गार पडली, ताठ झाली, वास सुटायला लागला, तेव्हा त्यांनी ओढून नेली माझ्याकडून."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस कधी? आलीस, वाळू बघितलीस, आमच्या घराण्याचा उद्धार केलास आणि गेलीस. माझी मांडी कुणी बघितली?"

नूकम्मा तिथंच सुकटाच्या ढिगाशेजारी बसली. जिचं तोंड बघायचं नाही म्हणून बाजारात बोळ बदलले, तिनंच वाट पाहिली होती. आणि आपण, माहेर माहेर म्हणून ऊर बडवणारी, एकाही कासवीची घटकाभर वाट पाहिली नाही. अच्चम्मानं चाचपडत पाण्याचा तांब्या पुढं केला. नूकम्मानं तो घेतला.

पुढं पंधरवडाही गेला नसेल. नदीच्या मुखाशी कासवं दाटली होती. एका सकाळी कामेसूची नाव लागली आणि तो ओरडतच आला, "अम्मा, फडकं आण! चल लवकर!"

नूकम्मा गेली. फडकं नेलं नाही, पोतं नेलं. सुरूच्या बागेत नाही, तिथंच, उघड्या किनाऱ्यावर, नावेच्या बाजूला तिनं कासवी उतरवून घेतली. पालथी टोपली तिच्या मागच्या अंगाखाली सरकवली. दोन वल्ही रोवून वर सोबत आणलेलं जुनं लुगडं बांधलं. पोतं भिजवून पाठीवर घातलं आणि शेजारी बसली.

कामेसू बघतच राहिला. "वेड लागलं का तुला? बेहेरा आता येईल!"

"येऊ दे."

"अम्मा, नाव जाईल! गेल्या खेपेला हंगामानंतर सुटली, आता दुसऱ्यांदा सोडणार नाहीत. घरात तीन पोरं आहेत. त्यांना काय हे कासव घालू खायला?"

"माहीत आहे मला," नूकम्मा म्हणाली. तिनं पोतं सारखं केलं. "कामेसू, मी काय आनंदानं बसलेय इथं? पण माझ्यानं आता हिच्यावर वाळू टाकवत नाही. तुझा हात धजत असेल तर तू टाक. मी अडवणार नाही."

कामेसूनं फावडं उचललं. खरंच उचललं. कासवीच्या डोक्याशी उभा राहिला. तिचे डोळे अर्धे उघडे होते, एकावर माशी बसली होती. जिवंत की मेलेली, कोण सांगणार? त्यानं फावडं वाळूत फेकलं, आईला एक सणसणीत शिवी हासडली आणि नावेला पाठ टेकून डोकं धरून बसला. पळवता आली असती नाव अजूनही. का नाही पळवली, ते त्यालाच ठाऊक.

बेहेरा आला. दुरूनच त्याला लुगड्याचं छप्पर दिसलं आणि त्याची चाल मंदावली. जवळ येऊन तो कुजबुजला, "मावशी, मी एकटा असतो तर मान फिरवून गेलो असतो. पण मागून साहेबांची जीप येतेय."

जीप आली. साहेबांनी विचारलं, "कुणाच्या जाळ्यातलं?"

"माझ्या," नूकम्मा म्हणाली.

साहेब हसले. "म्हातारे, तू जाळं टाकतेस?"

"माझ्या," कामेसू उठत म्हणाला.

दुपारपर्यंत नाव गेली. ओढून नेताना कोंडम्मानं असा टाहो फोडला की अख्खा पात्रापेटा किनाऱ्यावर आला. कुणी नूकम्माला वेडी म्हणालं, कुणी घरबुडवी. त्या दिवशी पायांवर नातू घालणारी बाई आज थुंकून गेली. नूकम्मा पोतं वाळलं की समुद्राचं पाणी आणायची, घालायची, बसायची. चुट्टा पेटवलाच नव्हता.

कासवी हलली नाही. ऊन उतरलं. लोक पांगले. बेहेरा दोनदा येऊन बघून गेला. मावळतीचा तांबूस उजेड पडला तेव्हा नूकम्मानं तिच्या डोळ्यावर बोट ठेवलं, नाकाशी तळहात धरला. कितीतरी वेळ धरला. मग म्हणाली, "कामेसू, गेली रे ही. फावडं घे."

कामेसू उठला. ज्या जागी सकाळी नाव होती तिथंच त्यानं खड्डा घेतला, खोल, कमरेइतका. नूकम्मानं वल्ह्यांवरचं लुगडं सोडलं, हिरवं नव्हतं, जुनं विटकं, पण अख्खं, आणि ते कासवीवर पांघरलं. दोघांनी तिला काठापर्यंत आणली.

तिथं कामेसू थांबला. वाकला, पांघरूण बाजूला केलं, आणि आपला गाल तिच्या नाकाशी नेला. लहानपणी आईच्या काखेतून अक्कावर थापटलेली वाळू बघितलेला पोर होता तो. नूकम्मा हात जोडून उभी.

"अम्मा, अजून थोडं थांबू," तो म्हणाला आणि खड्ड्याच्या काठावर मांडी घालून बसला. "नाव तर गेलीच. आता घाई कुणाला आहे?"